एमबीए सीईटी आता दोनदा. ‘मॉडर्न मॅथ’च्या धास्तीत किती दिवस घालवायचे?

बेंबळी (ता. धाराशिव) : एमबीए प्रवेशाची राज्याची सीईटी २०२६ पासून दोनदा घेणार, असे उच्च व तंत्रशिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील यांनी जाहीर केले आहे. पहिली एप्रिलमध्ये, दुसरी मे महिन्यात. दुसरी ऐच्छिक. दोन्ही दिल्या तर ज्यात पर्सेंटाइल जास्त, ते धरले जाणार. त्याच्याही आधी ३० नोव्हेंबर २०२५ ला आयआयएमची कॅट परीक्षा झाली. ती आयआयएम कोझिकोडनं घेतली. म्हणजे ज्यांनी कॅटचा अर्ज भरला नाही त्यांच्यासाठीही सीईटीचे दोन दरवाजे आहेत.

बेंबळी, रुईभर, केशेगाव, पाडोळी, टाकळी ह्या पट्ट्यात पदवी होऊन घरी बसलेली पोरं-पोरी कमी नाहीत. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीएस्सी ॲग्री. पोलीस भरती आणि एमपीएससी यांच्या पलीकडे एमबीए नावाचा एक रस्ता आहे, हे आता गावात माहीत झालंय. पण त्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला एक शब्द आडवा येतो, ‘मॉडर्न मॅथ’. मोबाइलवर क्लासची जाहिरात उघडली की हाच शब्द दिसतो. वेगळा कोर्स, वेगळी फी, वेगळी टेस्ट सिरीज. आणि दहावीनंतर गणित सोडलेल्या पोराच्या पोटात गोळा येतो.

ह्या धास्तीचा हिशोब एकदा मांडायला हवा. कारण त्यात पैसा आहे, आणि पोराचं एक वर्ष आहे.

मॉडर्न मॅथ म्हणजे वेगळा काही विषय नाही. संच आणि वेन आकृत्या, श्रेढी, परम्युटेशन-कॉम्बिनेशन म्हणजे मांडणी आणि निवड, आणि संभाव्यता, एवढ्या चार गोष्टींना मिळून क्लासवाल्यांनी हे नाव पाडलं. कुणी त्यात लॉगॅरिदम घालतं, कुणी फंक्शन, कुणी बायनॉमियल. कॅटचा अधिकृत अभ्यासक्रम आयआयएम जाहीरच करत नाही, त्यामुळे यादी किती लांबवायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. यादी लांब तेवढा कोर्स मोठा, हे सांगायला नको.

आता वजन बघा. २०२४ च्या कॅटमध्ये एकूण ६८ प्रश्न होते. इंग्रजीचे २४, तर्क व माहिती विश्लेषणाचे २२ आणि गणिताचे २२. प्रत्येक भागाला ४० मिनिटं, आणि एका भागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. गणिताच्या २२ प्रश्नांत मॉडर्न मॅथचे साधारण दोन-तीन येतात. एखाद्या पाळीत एकच. उरलेल्यात सगळ्यात मोठा वाटा शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, मिश्रण, काळ-काम-वेग ह्या साध्या अंकगणिताचा, आणि त्याच्याखालोखाल बीजगणिताचा. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. पर्याय नसलेले, उत्तर टाइप करायचे प्रश्न असतात, त्याला वजा गुण नाहीत.

सीईटीचं गणित निराळं. तिथं २०० प्रश्न आणि १५० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. आतापर्यंत ह्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नसतो. गणिताच्या ५० मध्ये मांडणी-निवड आणि संभाव्यता थोडीच असते. पण इथं एक खुबी आहे. तर्काच्या ७५ प्रश्नांत गोल टेबलाभोवती बसलेली आठ माणसं, कोण कुणाच्या डावीकडं, कोणता डबा कुणाचा, असे ढीगभर प्रश्न असतात. ‘सर्व अ हे ब आहेत, काही ब हे क आहेत’ हेही असतं. पहिलं म्हणजे मांडणी, दुसरं म्हणजे वेन आकृती. म्हणजे समोरच्या दारानं मॉडर्न मॅथ दोन पाहुणे घेऊन येतं आणि मागच्या दारानं पाच-दहा. त्यामुळे ‘दोनच प्रश्न येतात, सोडून द्या’ हा सल्लाही अर्धाच खरा. सोडायचं नाही, पण महिना-महिना तिथं मुक्कामही करायचा नाही.

अडचण नेमकी कुणाला?

बारावीला ज्यांना गणित होतं, त्यांना हे नवं नाही. अडचण दोन गटांची आहे. एक, कला शाखेची मुलं, ज्यांचा गणिताशी संबंध दहावीलाच तुटला. दुसरा गट, ज्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे बायोलॉजी ग्रुपवाले. नीट द्यायची, नाहीतर नर्सिंग, फार्मसी, ॲग्री बघायचं म्हणून अकरावीला गणित सोडलं. सायन्सची पदवी हातात, पण क्रमगुणित म्हणजे काय ते माहीत नाही. गावात अशी घरं बरीच सापडतील. वडील म्हणतात, ‘सायन्स झालंय की, गणित येतच असेल.’ पोरगं गप्प बसतं.

ह्यांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की मॉडर्न मॅथचा निम्म्याहून जास्त पाया त्यांनी आधीच शिकलेला आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा संचाचा. वेन आकृती तिथंच. दहावीच्या भाग १ मध्ये अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता हे दोन्ही धडे. राहता राहिली मांडणी आणि निवड. ती अकरावीत आहे, विज्ञानालाही आणि वाणिज्यालाही. ही सगळी पुस्तकं ई-बालभारतीवरून मोबाइलमध्ये फुकट उतरवता येतात. पुस्तक मराठीतून वाचून कल्पना डोक्यात बसवायची आणि मग इंग्रजी प्रश्नाकडं जायचं, हा क्रम ठेवला तर निम्मी भीती तिथंच जाते. उलट क्रम केला की प्रश्न आणि भाषा दोन्ही अंगावर येतात.

‘मॉडर्न’ नाव, वय नऊशेच्या घरात

नाव मॉडर्न असलं तरी माल जुना आहे, आणि आपल्याच मुलखातला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण इथं त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. ‘लीलावती’त शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण येतं, ते मांडणीचंच. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील, असा तिथला प्रश्न. उत्तर ३६,२८,८००. पहिल्या हातासाठी दहा आयुधं, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ, असं गुणत गेलं की झालं. चार हातांच्या विष्णूसाठी तेच उत्तर २४. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट ह्या सहा चवींतून एक-एक, दोन-दोन, तीन-तीन घेऊन किती मिश्रणं होतात, तेही भास्कराचार्य विचारतात. ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. आजच्या क्लासमध्ये ह्यालाच कॉम्बिनेशन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

आता हे गणित रोजच्या व्यवहारात आणून बघू. कारण सूत्र पाठ केलेलं पोर परीक्षेत अडकतं ते एकाच जागी. इथं क्रम धरायचा की नाही, हे त्याला कळत नाही.

बचत गटात दहा बायका आहेत. त्यातून एक अध्यक्ष आणि एक सचिव निवडायची. अध्यक्षासाठी दहा जणी, ती ठरली की सचिवासाठी नऊ. १० गुणिले ९, म्हणजे ९० प्रकार. त्याच गटातून फक्त दोघींना बँकेत पाठवायचं, तर? आता सुनंदा-कमल आणि कमल-सुनंदा ही एकच जोडी. म्हणून ९० चे निम्मे, ४५. पहिलं परम्युटेशन, दुसरं कॉम्बिनेशन. दोन नावांची अदलाबदल केल्यावर गोष्ट बदलते का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. अध्यक्ष-सचिवात बदलते, बँकेच्या फेरीत बदलत नाही. कबड्डीच्या आठ संघांत प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर किती सामने? ८ गुणिले ७ भागिले २, म्हणजे २८. यात्रेत सामने भरवणारा कुठलाही कार्यकर्ता हे तोंडी सांगेल, पण ते कॉम्बिनेशन आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पंगतीत पाच जण बसवायचे तर १२० प्रकार. तेच पाच जण शेकोटीभोवती गोल बसवले तर २४. कारण वर्तुळाला सुरुवात नसते. सगळे एकेक जागा सरकले तरी कोण कुणाशेजारी ते तसंच राहतं. म्हणून एकाला जागेवर बसवायचं आणि उरलेल्या चौघांना फिरवायचं.

एक प्रकार कॅटमध्ये फार लाडका आहे, सारख्या वस्तू वाटण्याचा. डीएपीची आठ पोती तीन भावांत वाटायची. पोती सगळी सारखी, कुणाला एकही नाही आलं तरी चालेल. किती प्रकार? आठ पोती ओळीत मांडा आणि मध्ये दोन काठ्या ठेवा. काठ्यांनी तीन वाटे पडतात. पोती आणि काठ्या मिळून दहा जागा, त्यातल्या दोन काठ्यांच्या. दहातून दोन निवडायच्या, म्हणजे ४५. आणि प्रत्येक भावाला निदान एक पोतं पाहिजेच असेल, तर आधी एकेक देऊन टाका. उरली पाच. पाच पोती आणि दोन काठ्या, सात जागा. सातातून दोन, २१. (खरं वाटप करताना भांडणं किती होतील, ह्याचं सूत्र मात्र अजून कुणी काढलेलं नाही.)

सोयाबीनची उगवण आणि ‘किमान एक’

संभाव्यतेची जी गोष्ट परीक्षेत सगळ्यात जास्त उपयोगी पडते, ती इथला शेतकरी दर मृगाला करतो. घरच्या सोयाबीनची उगवणक्षमता तपासायची म्हणून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. ७० उगवले की बियाणं पेरणीलायक. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान मर्यादाही ७० टक्केच आहे. म्हणजे एक दाणा उगवण्याची संभाव्यता ०.७, न उगवण्याची ०.३.

आता टोकण करताना एका जागी दोन दाणे टाकले, तर ती जागा रिकामी न राहण्याची शक्यता किती? सरळ मोजायला गेलं तर पहिला उगवला-दुसरा नाही, दुसरा उगवला-पहिला नाही, दोन्ही उगवले, अशा तीन गोष्टी धराव्या लागतात. त्यापेक्षा उलटं मोजा. दोन्ही न उगवण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०९. ती १ मधून वजा केली की ०.९१. शंभरातल्या ९१ जागी रोप दिसेल. तीन दाणे टाकले तर न उगवण्याची शक्यता ०.०२७, म्हणजे शंभरात ९७ च्या वर जागा भरतात. दुसऱ्या दाण्यानं ७० चे ९१ झाले, तिसऱ्यानं ९१ चे ९७. चौथा दाणा टाकायचा की नाही हे शेतकरी बियाण्याच्या भावावरून ठरवतो, परीक्षेत ते विचारत नाहीत. एक दाणा उगवण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मात्र इथं गृहीत धरलंय. पाऊसच दडी मारून बसला तर सगळेच दाणे एकदम जातात, तेव्हा हा गुणाकार चालत नाही. परीक्षेतही ‘दोन घटना स्वतंत्र आहेत का’ हे आधी बघावं लागतं.

प्रश्नात ‘ॲट लीस्ट वन’ दिसलं की ही उलटी वाट धरायची, म्हणजे ‘एकही नाही’ हे मोजून १ मधून वजा करायचं. एवढं एक जरी पक्कं झालं तरी सीईटीच्या संभाव्यतेच्या प्रश्नांतली भीती बरीच कमी होते.

शेळ्यांचं उदाहरण घ्या. दावणीला पाच उस्मानाबादी शेळ्या, त्यातल्या दोन गाभण. न बघता दोन सोडल्या, दोन्ही गाभण निघण्याची शक्यता? पहिली गाभण निघायची २/५, ती निघाली की उरलेल्या चारात गाभण एकच, म्हणून १/४. गुणाकार १/१०. पण पहिली सोडून बघितली, पुन्हा दावणीला बांधली आणि मग दुसऱ्यांदा हात घातला, तर २/५ गुणिले २/५, म्हणजे ४/२५. इंग्रजी प्रश्नात पहिल्याला ‘विदाउट रिप्लेसमेंट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘विथ रिप्लेसमेंट’. गणित येत असूनही पोरं चुकतात ती ह्या दोन शब्दांत. तसंच ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे वेगवेगळे, ‘आयडेंटिकल’ म्हणजे हुबेहूब सारखे, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त. हे आठ-दहा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले पाहिजेत.

संचाचं तर सोपंच आहे. शंभर शेतकऱ्यांत ७० जणांनी सोयाबीन पेरलं, ४५ जणांनी तूर, आणि १० जणांनी दोन्हीपैकी काहीच नाही. तर दोन्ही पेरणारे किती? काहीतरी पेरणारे ९०. ७० आणि ४५ मिळून ११५ होतात, म्हणजे २५ जण दोनदा मोजले गेले. तेच आंतरपीकवाले.

श्रेढीला गावात उदाहरणांची ददात नाही. पहिल्या महिन्यात १०० रुपये आणि दर महिन्याला १० रुपये वाढवत वर्षभर बचत केली, तर पहिला हप्ता १००, शेवटचा २१०. दोन्हीची बेरीज ३१०, अशा सहा जोड्या, १,८६० रुपये. ही अंकगणिती. आणि सावकाराचे १० हजार तीन टक्क्यानं घेतले, म्हणजे महिना शेकडा तीन. नुसतं सरळ व्याज धरलं तर वर्षानं १३,६०० द्यायचे. व्याजावर व्याज चढलं तर १४,२५८ च्या आसपास. ही गुणोत्तरी. फरक पहिल्या वर्षी ६५८ चा दिसतो, चौथ्या-पाचव्या वर्षी जमीन मागतो.

मग किती दिवस द्यायचे?

सीईटीच्या तयारीला चार-पाच महिने धरा. त्यातले मॉडर्न मॅथला पंधरा ते वीस दिवस पुरेत, तेही रोज तास-दीड तास. आधी संच आणि श्रेढी उरकायच्या, त्या सोप्या आहेत. मग मांडणी-निवडीला आठवडा, आणि शेवटी संभाव्यता. हा क्रम उलटा केला तर जमत नाही. संभाव्यतेत वर किती आणि खाली किती हे मोजायलाच मांडणी-निवड लागते. ‘आणि’ म्हटलं की गुणायचं, ‘किंवा’ म्हटलं की मिळवायचं. बेंबळीहून धाराशिवला जायचे तीन मार्ग आणि धाराशिवहून पुण्याला जायचे चार असतील तर एकूण बारा. हे डोक्यात बसल्याशिवाय सूत्रांच्या पानाला हात लावू नये.

कठीण प्रश्नांचा नाद धरू नये. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी रात्री अकराला बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या ठेवण्याचा प्रश्न टाकतं आणि चार जण त्यात दीड तास घालवतात. कॅटमध्ये एका गणिताला सरासरी दोन मिनिटंही मिळत नाहीत, सीईटीत पाऊण मिनिट. जो प्रश्न वाचून अर्ध्या मिनिटात वाट दिसत नाही, तो सोडता येणं हीही तयारीच आहे. सीईटीत सोडताना अंदाजानं एक पर्याय टिकवायचा, एवढंच.

बाकीचा वेळ जायला हवा शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग ह्याला, आणि इंग्रजीला. खरं सांगायचं तर ह्या पट्ट्यातल्या पोरांचं पर्सेंटाइल गणितापेक्षा इंग्रजी जास्त खातं. पेपर इंग्रजीतूनच असतो. तर्काचा प्रश्न सहा ओळींचा असतो आणि तो वाचण्यातच वेळ संपतो. रोज एक इंग्रजी उतारा घड्याळ लावून वाचणं, ही मॉडर्न मॅथची पण तयारी आहे.

दुसरी गोष्ट संगणकाची. परीक्षा पडद्यावर आहे, आणि आपली पोरं मोबाइलच्या पडद्यावर अभ्यास करतात. माउसनं प्रश्न मागे-पुढे करणं, कच्चं काम कागदावर आणि नजर पडद्यावर, ह्याची सवय नसेल तर पहिली पंधरा मिनिटं तिथंच जातात. कॅटच्या अधिकृत संकेतस्थळावर सरावाचा पेपर फुकट असतो. तो मोबाइलवर न सोडवता, महिन्यातून दोनदा तरी एखाद्या संगणकावर बसून पूर्ण वेळ लावून सोडवावा.

कॅट की सीईटी?

कॅटचं नाव मोठं आहे. २०२४ मध्ये देशभरातून २.९३ लाख उमेदवार बसले. १०० पर्सेंटाइल मिळवणारे १४, त्यातले १३ इंजिनिअर. २०२५ ची फी अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना १,३०० रुपये आणि बाकी सगळ्यांना २,६०० होती. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे फीला अर्धा क्विंटल. तोही हमीभावानं विकला गेला तर; बाजारात काय मिळतंय ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं जिल्ह्यात ज्यांचं पीकच वाहून गेलं, त्यांनी हा हिशोब कसा करायचा?

म्हणून ‘सगळ्याच परीक्षा देऊन बघू’ हा शहरातला सल्ला इथं परवडत नाही. ज्याचं अंकगणित आणि इंग्रजी बरं आहे त्यानं कॅट जरूर द्यावी. आयआयएममध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५, ओबीसींना २७ आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के जागा राखीव असतात. आयआयएम अहमदाबादसारख्या ठिकाणी दोन वर्षांचा खर्च २५ लाखांच्या वर आहे हे खरं, पण अशा नामांकित संस्थांसाठी केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. त्यात तारण किंवा जामीनदार न देता कर्ज मिळतं, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. सात-बारा बँकेत ठेवल्याशिवाय पोराला शिकवता येणार नाही, असं समजणाऱ्या घरांनी हे नीट विचारून घ्यावं.

बीएस्सी ॲग्री झालेल्यांनी तर कॅटकडं वेगळ्या नजरेनं बघायला हवं. आयआयएम अहमदाबाद आणि आयआयएम लखनौमध्ये शेती-व्यवसाय व्यवस्थापनाचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. हैदराबादच्या मॅनेज संस्थेत कृषी पदवीधरांसाठी असाच अभ्यासक्रम आहे, पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला काढलेली इर्मा २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली. ह्या ठिकाणी शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या शेतीचं ज्ञान ओझं होत नाही. जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, केशेगावला साखर कारखाना आहे, सोयाबीनच्या मिल आहेत. तिथं हिशोब, साठवण आणि बाजारभाव ओळखणारी माणसं लागतात. ॲग्रीवाल्यांना पदवीत संख्याशास्त्राचा पेपर असतो, म्हणजे संभाव्यता त्यांनी बघितलेली आहे. विसरले असतील तो भाग वेगळा.

बाकीच्यांसाठी सीईटी जास्त जवळची. कुठल्याही शाखेची पदवी ५० टक्क्यांनी, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५ टक्क्यांनी, एवढी अट. धाराशिवला विद्यापीठाच्या उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे, म्हणजे पुण्याची खोली आणि मेस प्रत्येकाला परवडलीच पाहिजे असं नाही. मुलींसाठी तर मोठी गोष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण कॅप फेरीतून प्रवेश घेतला तरच. ‘सीईटीची काळजी नको, आम्ही थेट प्रवेश देतो’ म्हणणाऱ्याकडं मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ही माफी गेली. मुलगी गणिताला घाबरते म्हणून थेट प्रवेश घेणारं घर, दोन प्रश्नांच्या भीतीपायी दोन वर्षांची फी भरतं.

परीक्षा दोनदा झाल्याचा खरा फायदाही ह्याच मुलांना आहे. ज्यानं आयुष्यात कधी संगणकावर परीक्षा दिलेली नाही, त्याला एप्रिलची परीक्षा खऱ्या पेपरचा सराव म्हणून मिळते आणि मे मध्ये दुसरी संधी उरते. तोटा असा, की क्लासवाल्यांना दुसरी फी मागायला निमित्त मिळालंय. ‘एप्रिल बॅच’ आणि ‘मे बॅच’ अशा जाहिराती आल्या तर नवल नको. दोन परीक्षांचा अभ्यास एकच आहे.

आणि गणिताइतकंच वेळेवर लागणारं एक काम तहसीलच्या खिडकीवर आहे. कॅप फेरीच्या वेळी जात प्रमाणपत्र, जात वैधता, चालू मुदतीचं नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास हे सगळं लागतं. जूनमध्ये सगळ्या शाखांची गर्दी एकदम होते आणि सर्व्हर बसतो. हरभऱ्याला पाणी द्यायच्या पाळ्या सुरू होण्याआधी, ह्याच महिन्यात अर्ज टाकलेले बरे.